टीमचा स्ट्रेस कमी करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? मग आधी हे वाचा

मला हे काम कसं मिळालं ते आधी सांगते. दोन महिन्यांत टीममधल्या तिघांनी राजीनामे दिले, वरून विचारणा झाली, आणि मीटिंगमध्ये मी नेमकी समोरच बसले होते म्हणून की काय, "तू बघ जरा ते एम्प्लॉयी स्ट्रेसचं काहीतरी" असं म्हणून साहेब मोकळे झाले. काहीतरी म्हणजे काय, किती दिवसांत, कुणाला विचारून, कशाचाच पत्ता नाही. मी पण उत्साहाच्या भरात ध्यान शिकवणाऱ्या एकांना बोलावलं, सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, डोळे मिटायला लावले. सत्र संपलं तेव्हा साडेसहा वाजले होते आणि त्या दिवशीचं काम जसंच्या तसं टेबलावर पडलेलं, ते उरकून लोक साडेनऊला घरी गेले. जाता जाता एक जण म्हणाली, "छान होतं गं, फक्त पुढच्या वेळी नको ठेवूस." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

ध्यान वाईट असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः करते, फायदाही होतो. पण ज्याच्यावर दोन माणसांचं काम लादलंय त्याला नीट श्वास घ्यायला शिकवलं तरी काम दोन माणसांचंच राहतं ना. म्हणून पुढे जे काही लिहिलंय त्यात क्रम हाच आहे, आधी कामाची मांडणी बघायची आणि मग माणसाकडे वळायचं. नवीन टीम लीड, सुपरवायझर, एचआरमध्ये नुकतेच लागलेले, अशा सगळ्यांसाठी लिहितेय, ऑफिस असो, कारखाना असो की हॉस्पिटलचा वॉर्ड.

सुरू करायच्या आधी हाताशी काय हवं

- मागच्या ६ महिन्यांचं हजेरी आणि रजेचं रेकॉर्ड
- ओव्हरटाइमची नोंद, नसेल तर लॉगिन-लॉगआउटच्या वेळा किंवा शिफ्टचं रोस्टर
- प्रत्येकाचं जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कागदावर जे लिहिलंय ते (प्रत्यक्षात काय करतात ते नंतर कळेलच)
- सोडून गेलेल्यांच्या एक्झिट इंटरव्ह्यूच्या नोट्स
- चुका, परत करावी लागलेली कामं, तक्रारी, लहानमोठे अपघात यांची यादी
- रजा, तक्रार निवारण आणि छळाविरुद्धची पॉलिसी
- काउन्सेलिंगची सोय असेल तर तिचा नंबर. हा नंबर स्वतः फिरवून बघा. आमच्या नोटीसबोर्डवर कितीतरी दिवस लावलेला नंबर बंद निघाला, म्हणजे तेवढे दिवस तो कुणी फिरवलाच नव्हता किंवा फिरवून गप्प बसलं होतं, दोन्ही वाईटच
- एक साधी एक्सेल शीट. अ‍ॅप, डॅशबोर्ड वगैरेच्या नादाला लागू नका

१. शब्दांची भेळ करू नका

आपण दिवसभर "टेन्शन", "प्रेशर", "स्ट्रेस", "बर्नआउट" एकाच अर्थाने वापरतो. उद्या प्रेझेंटेशन आहे म्हणून पोटात गोळा येणं हे प्रेशर, ते काम झालं की उतरतं, आणि थोडंफार असेल तर कामालाही लावतं. जे मागितलं जातंय ते आपल्या आवाक्यात नाही आणि त्यात बदल करणंही आपल्या हातात नाही, असं रोज वाटायला लागलं की तो स्ट्रेस. झोप उडते, पोट बिघडतं, डोकं धरतं, बारीकसारीक गोष्टींवर माणूस खेकसतो.

बर्नआउट त्याच्या पुढचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यांच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, तीन खुणा सांगितल्या: प्रचंड थकवा, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना. मुद्दा असा की त्यांनी याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली गोष्ट म्हटलंय, आणि कारण दिलंय कामाच्या जागचा बराच काळ न हाताळलेला स्ट्रेस. हे वाक्य मी साहेबांना दाखवलं होतं, कारण तोवर त्यांचं म्हणणं होतं की आजकालच्या पोरांना सहनच होत नाही.

आणि हो, तुम्ही डॉक्टर नाही. "त्याला डिप्रेशन आलंय" असं कुणाबद्दल बोलू नका, लिहू तर अजिबात नका. जे दिसलं तेवढंच: "तीन आठवडे रोज उशिरा थांबतोय, जेवायला डेस्कवरून उठत नाही."

२. वरून लेखी होकार घ्या

इथे मी सपशेल आपटले होते. तोंडी "हो हो कर" वर सुरुवात केली आणि पहिल्यांदा रोस्टरला हात लावायची वेळ आली तेव्हा "अगं ते नाही, आम्हाला वाटलं तू काही अ‍ॅक्टिव्हिटी वगैरे घेशील." त्यामुळे एक छोटी मेल टाका आणि त्यात तीन गोष्टींना हो म्हणवून घ्या. आठवड्यातले किती तास तुम्हाला यासाठी मिळणार. निदान एक खरी गोष्ट (रोस्टर, डेडलाईन, रिपोर्ट, मीटिंग यातलं काहीतरी) बदलायचा अधिकार. आणि लोक जे सांगतील ते नावासकट वर जाणार नाही.

पटवायचं कसं? माणुसकीचं भाषण फारसं चालत नाही, निदान माझं चाललं नाही. सोडून गेलेल्या तिघांच्या जागी नवीन माणसं तयार व्हायला किती महिने गेले, तोवर किती काम परत करावं लागलं, ते मी आमच्याच नोंदींमधून काढलं. आणि जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून दिलेला निष्कर्ष जोडला: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांमध्ये स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी. आमच्या लॉगिनच्या वेळा बघितल्या तर दोघं जण ५५ च्या वर होते. त्यातले एक साहेब स्वतः. त्यानंतर मेलला लगेच उत्तर आलं.

३. माणसांच्या आधी कागद बघा

लोकांना विचारायची घाई करू नका. दोन संध्याकाळी बसून ते रेकॉर्ड चाळा, बरंच काही तिथेच सापडतं. एकेक दिवसाच्या तुटक रजा वाढल्यात का. चुका महिन्याच्या ठरावीक दिवसांतच होतात का. ओव्हरटाइम सगळ्यांचा थोडा थोडा आहे की एकाच दोघांचा भरमसाट. रात्रपाळीनंतर लगेच सकाळची शिफ्ट कुणाला लागलीये का, हे तर रोस्टरमध्ये ढळढळीत दिसतं आणि तरी कुणी बघत नाही.

रजा खूप घेणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण अजिबात न घेणाऱ्याकडे आधी बघा. आमच्याकडे हिशेबाचं काम बघणारे एक काका होते, दोन वर्षांत त्यांनी फक्त ३ रजा घेतलेल्या. दरवर्षी त्यांचं कौतुक व्हायचं, एकदा तर सगळ्यांसमोर टाळ्यासुद्धा झाल्या. मी सहज विचारलं, "काका, सुट्टी का नाही घेत?" तर म्हणाले, "घेऊन काय करू? परत आलो की तो ढीग मलाच उपसायचा, आणि तिथं बसूनही फोन चालूच." महिनाअखेरचं क्लोजिंग, म्हणजे त्या महिन्याचे हिशेब जुळवून बंद करणं, कसं करायचं हे त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. कुठे लिहून ठेवलेलंही नव्हतं. टाळ्या कशाला वाजवत होतो आम्ही, देव जाणे. उपाय साधा होता, एक मुलगी त्यांच्या शेजारी दोन क्लोजिंग बसली, सगळ्या पायऱ्या लिहून काढल्या, तिसरं क्लोजिंग तिने केलं आणि काका समोर बसून नुसते बघत होते, हात शिवशिवत होते त्यांचे पण बघत होते. चौथ्या महिन्यात गेले ते ८ दिवस सुट्टीवर.

४. लोकांना विचारा, पण सर्व्हेच्या सापळ्यात पडू नका

पहिला सापळा निनावीपणाचा. फॉर्मवर "नाव लिहू नका" असं छापायचं आणि खाली विभाग, वय, किती वर्षं नोकरी, शिफ्ट हे सगळं विचारायचं. अहो, सात जणांच्या विभागात रात्रपाळीला असलेली, चाळिशीच्या पुढची, अकरा वर्षं झालेली बाई एकच असते! माझा नियम असा की १० पेक्षा कमी लोकांच्या गटाचा वेगळा निकाल काढायचाच नाही, दुसऱ्या गटात मिसळायचा. फॉर्म ऑफिसच्या लॉगिनमधून भरायला लावला तर लोक सगळीकडे "समाधानी" वर टिक करून मोकळे होतात, तो डेटा कचरा आहे असंच समजा.

जपानमध्ये २०१५ च्या डिसेंबरपासून ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा स्ट्रेस चेक करून देणं मालकाला बंधनकारक केलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे निकाल थेट त्या कामगाराला मिळतो, त्याने संमती दिल्याशिवाय मालकाला बघता येत नाही. एवढी यंत्रणा आपल्याकडे नसते हे मान्य, पण तत्त्व उचलायला काय हरकत आहे.

दुसरा सापळा प्रश्नांचा. "तुम्हाला स्ट्रेस आहे का?" याचं उत्तर मूडवर मिळतं. त्यापेक्षा असं विचारा:

- मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या कामामुळे उशिरा थांबावं लागलं?
- कुठलं काम दोनदा करावं लागलं, आणि का?
- अडलं तर कुणाला विचारायचं हे माहीत आहे? विचारलं की काय होतं?
- एकमेकांच्या विरुद्ध सूचना दोन जणांकडून कधी मिळाल्या?
- उद्यापासून एक गोष्ट बंद करता आली तर कुठली?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सोन्यासारखी असतात. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त लोकांनी एकाच रोजच्या रिपोर्टचं नाव लिहिलं. तोच आकडा दोन साहेबांना दोन वेगळ्या फॉरमॅटमध्ये जायचा आणि दुसरे साहेब तो उघडतच नव्हते, हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

तिसरा सापळा सगळ्यात वाईट. विचारायचं आणि मग चिडीचूप. सर्व्हे झाल्यावर महिनाभर काहीच हललं नाही तर लोकांचा विश्वास आधी होता त्याच्याही खाली जातो, पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. म्हणून जे बदलायची तयारीच नाही ते विचारूच नका, आणि निकाल चांगला असो वाईट असो, दहा-पंधरा दिवसांत सगळ्यांना सांगून टाका.

५. उत्तरं सहा डब्यांत टाका

आता तुमच्याकडे ढीगभर तक्रारी जमल्या. एसी, खुर्ची, साहेबांचा आवाज, टार्गेट, सगळं एकात एक. लावायचं कसं? ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने, म्हणजे एचएसईने, २००४ मध्ये सहा निकष काढले होते, मी तेच वापरते कारण त्यात जवळजवळ सगळं बसतं:

- मागणी: कामाचा लोड, वेळा, जागा, आवाज, उजेड
- ताबा: आपलं काम कसं आणि कधी करायचं यात आपलं किती चालतं
- साथ: साहेबांची आणि सहकाऱ्यांची मदत, माहिती, साधनं
- नाती: भांडणं, टोमणे, दादागिरी, छळ
- भूमिका: माझं काम नेमकं काय, दोन भूमिकांमध्ये ओढाताण होते का
- बदल: नवीन सिस्टीम, नवीन साहेब, बदली, हे सगळं सांगून होतं की डोक्यावर येऊन आदळतं

शीटमध्ये सहा रकाने करा आणि एकेक तक्रार योग्य रकान्यात टाकत जा. सगळ्यांना वाटतं की पहिलाच डबा भरणार. आमच्याकडे दुसरा भरला.

ताबा ही गोष्ट नवीन माणसाला पटकन लक्षात येत नाही म्हणून थोडं थांबते इथे. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं होतं की नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा पिचत नाही, जास्त काम आणि वर आपलं काही चालत नाही ही जोडी पिचवते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर झालेला व्हाइटहॉल अभ्यास तर प्रसिद्धच आहे, मायकेल मार्मट हे संशोधक त्यात होते. समज असा होता की मोठ्या जबाबदारीच्या साहेबांना हार्ट अ‍ॅटॅक जास्त येत असणार. निघालं उलटं, खालच्या ग्रेडमधल्यांमध्ये हृदयरोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण वरच्यांपेक्षा जास्त होतं, आणि १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कामावर ताबा कमी असणं हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. म्हणजे फोनवर ग्राहकाच्या शिव्या खाणारा पोरगा, ज्याला स्क्रिप्टबाहेर एक शब्द बोलता येत नाही आणि बाथरूमला जायलाही विचारावं लागतं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्याच्यावरचा ताण कॅबिनमधल्या माणसाला कळणं कठीण आहे.

ताबा वाढवायला पैसे लागत नाहीत बरेचदा. ब्रेक कधी घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या. शिफ्ट आपसांत बदलायची मुभा द्या, फक्त कळवायचं. कामांचा क्रम त्यांना लावू द्या. ग्राहकाला छोटी भरपाई देण्याचा अधिकार एका मर्यादेपर्यंत खालच्या माणसाला द्या, दर वेळी "सरांना विचारून सांगतो" करत बसावं लागणार नाही.

नात्यांच्या डब्यात छळाची किंवा लैंगिक त्रासाची तक्रार आली तर ती स्ट्रेसच्या शीटमध्ये ठेवू नका, ती स्वतः "समजावून" मिटवायला तर मुळीच जाऊ नका. तिची वेगळी रीतसर प्रक्रिया असते. त्या व्यक्तीला ती प्रक्रिया समजावून सांगा आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या.

६. पंधरा दिवसांत दिसेल असं एक काहीतरी बदला

मोठे बदल व्हायला महिने लागतात, तोवर लोक म्हणतात "बघा, झालं नाही ना काही." म्हणून एक छोटी पण डोळ्यांना दिसणारी गोष्ट लगेच करा. आम्ही तो दुसरा रिपोर्ट बंद केला. एवढंच. माणशी रोजची वीस-पंचवीस मिनिटं वाचली, पण त्याहून जास्त म्हणजे लोक आपणहून येऊन सांगायला लागले.

७. "अर्जंट"चा हिशेब मांडा

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. दोन आठवडे प्रत्येक "अर्जंट" काम लिहून ठेवा: कधी आलं, कुणाकडून, कधीपर्यंत हवं म्हणाले, आणि दिल्यानंतर त्यांनी ते खरंच कधी वापरलं. चौथ्या रकान्यासाठी मागे लागावं लागतं, फोन करून विचारावं लागतं, पण तोच महत्त्वाचा. आमच्या शीटमध्ये दोन आठवड्यांत ३९ अर्जंट कामं जमली. त्याच दिवशी खरंच लागणारी होती ७. बाकीची दुसऱ्या दिवशी, काही आठवड्याने, आणि एक तर मी विचारेपर्यंत मेलमध्ये न उघडता पडलेलं, ज्याच्यासाठी एक जण मुलाच्या शाळेतला कार्यक्रम सोडून थांबला होता.

ही शीट घेऊन बसलो तेव्हा कुणावर आरोप केला नाही, नुसती समोर ठेवली. मग ठरलं ते असं: अर्जंट म्हणणाऱ्याने कारण आणि तारीख दोन्ही लिहायचं. चारनंतर आलेलं काम दुसऱ्या दिवसाचं, त्या सात कामांसारखं त्याच दिवशी खरंच लागणारं असेल ते सोडून. आणि नवीन अर्जंट काम दिलं तर हातातलं कुठलं मागे टाकायचं हेही देणाऱ्यानेच सांगायचं. हा शेवटचा नियम जादूसारखा चालतो, कारण "हे मागे टाक" म्हणायची वेळ आली की निम्मी अर्जंट कामं आपोआप उद्यावर जातात.

रात्रीच्या मेसेजचंही तिथेच ठरवा. फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर कनेक्ट न राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करायला लावल्या. तुमच्याकडे कायदा असो नसो, टीमपुरता नियम करता येतो. आमचा असा: रात्री मेल लिहिली तरी शेड्यूल करून सकाळी पाठवायची, आणि खरंच आग लागली तर फोन करायचा, ग्रुपवर मेसेज नाही. त्यामुळे ग्रुप बघत बसायची गरज संपली.

८. एकेकाशी बोलताना

आता माणसाकडे वळू. एखादा बदललाय असं दिसलं, म्हणजे गप्पा मारणारा गप्प झाला, कधी न चुकणारा चुकायला लागला, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसायला लागला, तर थांबू नका, बोला. पण बोलायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी पहिल्यांदा काय केलं तर चालता चालता सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, सगळं ठीक ना?" तो म्हणाला "हो." संपलं संभाषण.

दुसऱ्या वेळी त्याला बाजूला घेतलं, दार लावलं, फोन उलटा ठेवला.

"मागच्या आठवड्यात तीनदा तुझी मेल रात्री साडेअकराला आली. आधी असं नसायचं. म्हणून विचारतेय."

बराच वेळ काही नाही. मीही काही बोलले नाही, अवघड असतं ते, जीभ चुळबुळते. मग म्हणाला, "ते नवीन सॉफ्टवेअर मला येत नाही. सगळ्यांना येतं. मी घरी जाऊन परत करून बघतो."

काय काय कल्पना करून बसले होते मी, घरचं भांडण, तब्येत, दुसरी नोकरी. निघालं काय तर ट्रेनिंगच्या दिवशी तो रजेवर होता आणि परत कुणी त्याला बसवलंच नव्हतं. दोन दुपारी शेजारी कुणीतरी बसल्यावर प्रश्न मिटला.

तर बोलताना एवढं सांभाळा. दिसलेली गोष्ट सांगून सुरुवात करा, अंदाज नको. "मला पण असंच होतं" करून स्वतःची कहाणी लावू नका. "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका, प्लीज. घरचं खाजगी खोदू नका, सांगितलं तर ऐका. आणि उठायच्या आधी एक ठोस गोष्ट ठरवा, कोण काय कधीपर्यंत करणार, आणि पुन्हा कधी बसायचं. नोट्स काढल्यात तर त्याला दाखवा.

९. तुमच्या हाताबाहेरचं असेल तेव्हा

कधी कधी समोरचा माणूस कामाच्या पलीकडचं काही सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, छातीत धडधडतं, काही खावंसं वाटत नाही, दारू वाढलीये. अशा वेळी सल्लागार बनू नका, डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जायला मदत करा: नंबर द्या, वेळ घ्यायला हवी का विचारा, कामातून मोकळं करा.

जगून काय उपयोग, सगळं संपवावंसं वाटतं, असं काही कुणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरून विषयही बदलू नका. थेट विचारा, "आत्महत्येचा विचार येतोय का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर एकट्याला सोडू नका, त्याच्या जवळच्या माणसाला आणि तातडीच्या मदतीला फोन करा. गुप्तता पाळायचं वचन दिलं असलं तरी जीवाचा प्रश्न आला की ते बाजूला, आणि हे वचन देतानाच सांगून ठेवावं. बाकी कुणाला मात्र एक अक्षर सांगायचं नाही, "तो आजारी आहे" एवढं पुरे.

१०. मोठ्या रजेवरून कुणी परत येतंय

आल्या दिवशी अडीच हजार न वाचलेल्या मेल समोर टाकू नका. येण्याच्या आधी एक फोन, फक्त विचारपूस आणि टीमला काय सांगायचं ते त्याच्याकडूनच ठरवून घ्यायला. पहिले काही आठवडे कमी तास किंवा कमी काम, पण तारखेसकट लिहून, म्हणजे ते "सवलत" म्हणून लोंबकळत राहत नाही. आणि ज्या कारणाने तो आजारी पडला ते काम तसंच्या तसं परत त्याच्याच टेबलावर गेलं तर मधले दोन महिने फुकट गेले समजा. डॉक्टरांनी काही बंधनं लिहून दिली असतील तर ती पाळा, तुमच्या मनाने वाढवू किंवा कमी करू नका.

११. तुम्ही स्वतः

लिहायला थोडी लाज वाटते, पण हे सगळं करत असताना मी स्वतः रविवारी शीट भरत बसायचे आणि सोमवारी सगळ्यांना सांगायचे की सुट्टीत काम करू नका. टीम तुमचं ऐकत नाही, तुमच्याकडे बघते. तुम्ही रजा टाकली, वेळेवर उठून गेलात, "मला हे जमणार नाही, मुदत वाढवा" असं सगळ्यांसमोर वर सांगितलंत, तर खालच्यांना तसं करायची हिंमत येते. सगळ्यांची दुखणी ऐकून तुम्हालाही ओझं होतं, तेव्हा तुमचं ऐकणारं एक माणूस टीमबाहेरचं शोधून ठेवा.

१२. तीन महिन्यांनी परत मोजा

तेच पाच प्रश्न, तेच रेकॉर्ड. नवीन प्रश्न घालायचा मोह आवरा, नाहीतर तुलना करता येत नाही. आमच्याकडे उशिरा थांबणं बरंच कमी झालं, बदलांच्या डब्यात मात्र काहीच फरक नव्हता, कारण वरून निर्णय तसेच अचानक यायचे आणि ते मला शेवटपर्यंत थांबवता आलं नाही. तसंच सांगितलं मी टीमला.

शीटमध्ये शेवटी दोन रकाने ठेवा, "कोण करणार" आणि "कधीपर्यंत". एखादी ओळ दोनदा तारीख उलटूनही तिथेच असेल तर ती गुपचूप डिलीट करू नका, तिच्यावर रेघ मारा आणि पुढच्या मीटिंगला सांगा की हे होणार नाहीये, आणि का होणार नाहीये. ती शीट सगळ्यांना उघडता येईल अशा जागी ठेवा, नावं मात्र काढून.